बाल्नाक्रेगचा तिसरा साक्षीदार

"आत येऊन दूध पी, मग सांगतो," मर्डो म्हणाला.

ओयरिग उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिच्यामागे सरकारी नकाशासाठी जागांची नावं लिहून घेणारा शिपाई भिजत होता. इन्व्हरनेसकडचा पोरगा, आमची गेलिक नीट बोलायचा. नियम त्यानेच सांगितला होता: जागेचं नाव तिथल्या तिघांच्या तोंडून आलं पाहिजे. बाल्नाक्रेग म्हणणारी ती एक, तिचा आंधळा दीर दुसरा. बाकीचं गाव बोटीत बसून कॅनडाला गेलं, नाहीतर मातीत गेलं. तिचा धाकटा मुलगा तिथंच पुरलेला. नाव लागलं नाही तर नकाशावर त्याच्या डोक्यावर नुसतं कुरण दिसणार होतं.

उरला मर्डो. मेंढ्यांच्या कुरणासाठी गाव जाळायला जहागिरीच्या कारभाऱ्याने माणसं धाडली, तेव्हा हा गावचाच गडी त्यांच्या पुढे चालत होता. कुठल्या घरात म्हातारं, कुठं बाळंतीण, सगळं याला ठाऊक. ओयरिगची चूल यानेच विझवली, तिच्याच घरातलं दूध ओतून. तेव्हापासून तिने याच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आमच्याकडे ज्याच्या चुलीपाशी बसून दूध प्यालं, त्याच्याशी वैर संपलं. मग मनात काही का असेना, तोंडातून काढायचं नाही.

"एवढी वर्षं थांबलास, निर्लज्जा," ती म्हणाली. "मरेपर्यंत थांब की."

"मेल्यावर कोण येतंय माझ्याकडे?"

ती आत गेली. चुलीपाशी बसली. मर्डोने दिलेला वाडगा तिने एका दमात रिकामा केला, औषध घ्यावं तसा. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मला त्याची कीव येत नाही.

"बाल्नाक्रेग," तो शिपायाला म्हणाला. "माझाही जन्म तिथलाच. लिही."

शिपायाने लिहिलं.

"लागलं ना नाव?" ओयरिगने विचारलं.

"लिहून घेतलं, आजी. आता कारभारी साहेबांना दाखवायचं. जमीन त्यांच्या मालकाची. ते नको म्हणाले तर गाळतात."

हे त्याला आधी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. असली माणसं खोटं कधी बोलत नाहीत.

"नकोच म्हणतील," मर्डो हळूच म्हणाला.

ओयरिगने शालीच्या टोकाने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"आणि मी तर दूध पिऊन बसले," ती म्हणाली.