धाकट्या पिल्लाचा भाव

"शंभर," गिरजाबाई म्हणाली, आणि बाईसाहेब नाक मुरडून परत फिरतील याची वाट पाहू लागली.

बाईसाहेब फिरल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली.

शंभर म्हणजे गिरजाबाईच्या नवऱ्याचा, जानरावचा, जवळजवळ महिन्याचा पगार. एवढा आकडा ऐकून कुणीही काढता पाय घेईल, म्हणून तर तिने तो सांगितला होता. बाकीची पिल्लं धट्टीकट्टी होती, ती तिने तीस-तीसला खुशाल देऊन टाकली. हे धाकटं मात्र तळहातावर मावायचं. दर तासाला कापसाच्या वातीने त्याला बकरीचं दूध पाजावं लागे, आणि मग लुगड्याच्या पदरात धरून ऊब द्यावी लागे. दोन आठवडे तिने त्याला असं जगवलं होतं.

पिल्लांची आई माशा ही एका रशियन इंजिनिअरची कुत्री. भट्टीचं काम संपवून मायदेशी जाताना त्याने ती आपल्या हाताखालच्या जानरावला देऊन टाकली होती. गिरजाबाईच्या माहेरच्या बाजारात असलं मरतुकडं करडू कुणी निम्म्या भावातही घेत नसे. इथे भिलाईत पोलाद कारखान्याचे सेक्टर वसले, साहेबांच्या बायका आल्या, आणि तऱ्हाच उलटी झाली. कुत्रं जेवढं इवलं, तेवढी त्याची किंमत मोठी.

"उद्याच्या मेलने कलकत्त्याला जातेय," बाईसाहेब, म्हणजे विजयाबाई, सांगत होत्या. त्या पुण्याकडच्या, मोठ्या साहेबांच्या पत्नी. "भाचीचा वाढदिवस आहे. टोपलीतून रिबिन बांधून नेईन म्हणते."

कलकत्ता! एवढा लांबचा रेल्वेचा प्रवास, थंडीचे दिवस, आणि टोपली. पिल्लू अर्ध्या वाटेपर्यंतसुद्धा टिकलं नसतं, मग कलकत्त्याची तर गोष्टच सोडा.

"बाईसाहेब, खरं सांगतो, हे लय अशक्त हाय," गिरजाबाई काकुळतीला आली. "घंट्याघंट्याले वातीनं दूध पाजा लागते. गाडीत मरून जाईन."

"अगं, भाव वाढवायला सगळे असंच बोलतात," विजयाबाई हसल्या. "असं नाजूकच तर मला हवंय."

"मंग दीडशे!" गिरजाबाईच्या तोंडून निसटलं.

दाराशी उभा असलेला जानराव दचकला. कामगारांच्या कॅम्पातून प्लांटच्या गेटापर्यंत रोज तो पायी जायचा. दीडशेत सायकल आली असती, घंटीसकट. त्याने बायकोकडे कौतुकाने पाहिलं. ही बया एवढी व्यवहारी असेल, असं त्याला लग्नापासून एकदाही वाटलं नव्हतं.

विजयाबाईंनी क्षणभर ओठ चावला. मग पिल्लू गालाला लावलं आणि म्हणाल्या, "चालेल. चांगल्या वस्तूला पैसे पडतातच."

आता सांगायला कुठला आकडा उरला होता? गिरजाबाईचे डोळे भरून आले. पदराखाली पिल्लाच्या छातीची धडधड दोन आठवडे तिनेच अनुभवली होती, दुसऱ्या कुणी नव्हे. मग एकदम तिने डोळे पुसले.

"ऱ्हाऊ द्या बाईसाहेब. पैसे नको. तसंच घेऊन जा."

"म्हणजे?"

"फुकट."

पर्सवरचा हात थांबला. विजयाबाईंनी पिल्लू गालापासून दूर धरलं. त्याचे डोळे पाहिले, नाक पाहिलं, पोट दाबून पाहिलं.

"म्हणजे याला नक्की काहीतरी आजार आहे," त्या म्हणाल्या. "आधी नाही का सांगायचं?"

पिल्लू गिरजाबाईच्या ओंजळीत टाकून त्या जीपकडे निघून गेल्या. गिरजाबाई तिथेच खाली बसली आणि वात दुधात बुडवू लागली.

जीप वळणाआड गेली. तसा जानरावचा बांध फुटला.

"कावून केलं असं? हातची सायकल घालवली! अन् फुकटात नेलंच असतं त?"

"नसतं नेलं."

"तुले कसं मालूम?"

"माह्या लग्नात बापाले देज नको होतं. पोरीचे पैसे कायले घ्याचे, म्हने. त दोन पाहुणे दारातून वापस गेले. फुकट देऊन राहिले म्हंजे पोरीत खोट असन, असं बोलले." पिल्लाने वात चोखायला सुरुवात केली होती, तिने ती जरा वर धरली.

"मंग?"

"मंग तिसऱ्या पाहुण्याले बापानं साठ रुपये सांगतले," गिरजाबाई म्हणाली. "अन् तुमी उभ्या उभ्या हो म्हणाले."