एकवीस चिंध्या

फळीखाली डोकं घातलं आणि रुद्राणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वर नवऱ्यानं तीन वर्षं खपून केलेली पत्र्याची छोटी रेल्वे थाटात उभी होती, अन् खाली एकवीस काळ्या तारा नुसत्या लोंबत होत्या. एकीलाही चिंधी नव्हती.

“चिंध्या कुणी काढल्या?”

“मी काढायला लावल्या,” इंजिनियर साहेब घाम पुसत म्हणाले. नवा लातूर जिल्हा, त्याचं पहिलं प्रदर्शन, आणि पुण्याहून आलेले हे नवे साहेब. “फार घाण दिसत होतं, बाई. तारा सोडून पुसून परत जोडल्या, तर आता गाडी हलेना. तासाभरात उद्घाटन आहे. मडिवाळप्पांनी वायरिंगचा नकाशा ठेवलाय का कुठे?”

“त्योच तर काढून फेकलाव की तुम्ही!”

“त्या चिंध्या?”

हाव, चिंध्या! मडिवाळप्पाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा तारा जोडायचं काम रुद्राणीच्या अंगावर आलं. त्याला दिसत नव्हतं, तिला अक्षर येत नव्हतं. मग तिनं तारेगणिक वेगळं कापड बांधलं. स्टेशनच्या दिव्याला तिच्या लग्नातला खण, सिग्नलला नातवाचं झबलं, रूळ बदलायच्या सांध्याला धोतराची किनार. तो बोटांनी चाचपायचा आणि म्हणायचा, “हा खण. बरोबर.” गेल्या चैत्रात तो लिंगैक्य झाला, तरी फळीखाली सगळं जागच्या जागी होतं. आज सकाळपर्यंत.

“तुम्हाला आठवत असेल ना? सांगा, मी कागदावर उतरवतो.” साहेबांनी टेबलावर मोठा कागद पसरला. सगळा कोरा, फक्त खाली कोपऱ्यात एक ओळ.

रुद्राणीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. “हे काय लिव्हलंय? निवृत्ती, वाच.”

शिपाई निवृत्तीनं साहेबांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. “‘रचना’ म्हणून साहेबांचं नाव हाय, अम्मा.”

“अगं बया! टँकरच्या रांगेत घागर टाकून पळत आले मी, ते ह्याच्यासाठी? मेल्या माणसाचं नाव खाताव, लाज न्हाई वाटत?”

“अहो, ती नुसती कागदोपत्री रीत असते...”

“मग रीतीनं आमच्या मालकाचं लिवा. न्हाईतर बसा गाडी ढकलत!”

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. साहेबांनी आपलं नाव खोडलं आणि घाईघाईनं दुसरं लिहिलं. या वेळी निवृत्तीनं न सांगताच मोठ्यानं वाचलं, “मडिवाळप्पा.”

“चिंध्या कुठं हायत?”

निवृत्तीनं कोपऱ्यातली पुसायच्या फडक्यांची बादली आणली. रुद्राणीनं त्यातून खण शोधून काढला. रॉकेलानं माखला होता. तिनं दातांनी त्याची बारीक पट्टी फाडली, अंबाड्यातल्या आकड्यानं नावाशेजारी कागदाला भोक पाडलं आणि पट्टी त्यातून ओवली.

“बाई, आधी गाडी!” साहेब रडकुंडीला आले होते.

तिनं गाठ करकचून आवळली आणि दोन बोटांनी चाचपून पाहिली.

“आता हे नाव कुणी काढलं,” ती म्हणाली, “तर मला बी वाचता येतंय.”