उजवीकडची भाकरी

पहाटे सायकल काढण्याआधी काय खावं, हे कैरोतल्या चारशे सायकलवाल्यांना मी दर रविवारी ग्रुपवर सांगतो. त्या सोमवारी मी सांगितलेलं सगळं खाऊन निघालो आणि नाईलच्या पुलावर, चढ संपायच्या आत, डोळ्यांपुढे काजवे चमकले. कठड्याला टेकून बसलो.

मागून अम्म बरकात, म्हणजे बरकातकाका, सायकलवरून आले. आमच्या गल्लीत बेकरीतून भाकऱ्या पोचवतात. वय साठ, एक हात हँडलवर, डोक्यावर दाराएवढी फळी, फळीवर दोनशे गरम भाकऱ्या. त्यांनी एक पाय फुटपाथवर टेकवला. मान हलवायची सोय नव्हती, म्हणून फक्त नजर खाली आणली.

"काय रे कॅप्टन, काय खाऊन निघालास?"

"ओट्स, केळं, बदामाचं लोणी."

"म्हणजे काहीच नाही. भाकरी घे. डावीकडची घेतलीस तर उजवीकडचीही घे, नाहीतर मी नदीत जाईन."

मी उठून दोन्ही घेतल्या. पहिली उभ्या उभ्या संपवली. अंगात जीव आला, तशी अक्कलही परत आली.

"अम्म, तुम्ही काय खाऊन निघालात? ग्रुपवर टाकतो."

"आज सोमवार ना. दर सोमवारी माझा रोजा असतो. सूर्य बुडाल्यावर बघू."

मी मान खाली घातली आणि दुसरी भाकरी परत ठेवायला हात वर केला.

"ठेवू नकोस बाबा," अम्म घाबरून म्हणाले. "पहिली तुझ्या पोटात आहे. तोल जाईल."