नावेतले कॅन

"बुडू नये म्हून घालायची जाकिटं हायेत की वहिनी. हापिसात, कुलपात," नावाडी सिदू म्हणाला.

"मग काढा ना बाहेर."

"किल्ली चेरमनसायबाकडं. नवीकोरी हायेत. भिजून खराब हुतील म्हून सायबांनी आत ठिवली."

सुमननं नवऱ्याकडं पाहिलं. व्यंकट हसू दाबत होता. मच्छीमार सोसायटीनं सहलीसाठी ही नाव आणली होती. सोसायटीचा कारकून म्हणून पहिली फेरी त्यानं घरच्यांसाठी मागून घेतली होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष. तलाव आटत आटत मधल्या डोहापुरता उरला होता. पण डोह खोल होता. आणि चार वर्षांची चिमी आधीच नावेत बसून फळीवर थापा मारत होती.

"सिदूभाऊ, तुम्हाला पोहता तरी येतं ना?"

"मला? न्हाय बा. आमच्याकडं पवायला पाणी हुतं कवा?"

व्यंकट मोठ्यानं हसला. "अगं, समुद्रावर निघालो का आपण?"

सुमनला हसू आलं नाही. सून बी.एस्सी. झालीय, म्हणून भित्री आहे, असं सासरी मागं बोलत. आता तोंडावर बोलतील. बोलू देत. ती पोरीला उचलायला गेली तर चिमीनं भोकाड पसरलं.

तेवढ्यात शेडच्या भिंतीला टेकलेले गोड्या तेलाचे प्लास्टिकचे कॅन तिला दिसले. रिकामे, धुतलेले. तिनं एकाचं झाकण लावून तो पाण्यात टाकला. कॅन नाचायला लागला. खाली दाबला की उसळून वर यायचा.

"हे बघा," ती व्यंकटला म्हणाली. "नाव कलली तर हे छातीशी धरायचं. माणूस वर राहतं."

"तुझं काहीतरीच."

तिनं सगळे कॅन उचलून काठावर आणले. सासूबाई तिथं पाय धूत बसल्या होत्या. "आत्याबाई, हे तेवढे नावेत फळीखाली ठेवा. झाकणं घट्ट लावा बरं. लई गरज पडंल यांची." मथुराबाईंनी मान हलवली. सुमन सुतळी शोधायला शेडमागं गेली. तिथं सापडेना, म्हणून मागच्या खोपटात विचारून आणली.

परत आली तोवर सगळे बसले होते. कॅन फळीखाली नीट रांगेनं. तिनं वाकून एकेक झाकण पिळून पाहिलं. एकही ढिलं नव्हतं. तिनं कॅनच्या मुठींतून सुतळी ओवली आणि एका कॅनची सुतळी चिमीच्या कमरेला बांधली.

"म्हशीला दावं बांधतेस जणू," व्यंकट म्हणाला.

डोहाच्या मध्यावर वारं सुटलं. नाव एका बाजूला झुकली, पाणी आत आलं, चिमीचा फ्रॉक भिजला. सिदूचं वल्हं क्षणभर थांबलं. व्यंकटनं दोन्ही हातांनी काठ धरला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलेलं सुमननं पाहिलं. तिनं पाय पुढं सारून कॅनला टेकवला आणि पोरीची सुतळी चाचपली. मग नाव निघाल्यापासून पहिल्यांदाच तिनं चिमीचा दंड सोडला. पोर वाकून पाण्यात हात बुडवून खिदळायला लागली. सुमननं वाकू दिलं.

वारं पडलं. नाव काठाला लागली.

"तुझंच खरं म्हणायचं," उतरताना व्यंकट पुटपुटला. लग्नाला सहा वर्षं झाली होती. हे वाक्य ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"धर रं व्यंकट. दोन्ही हातांनी धर," फळीखालून कॅन ओढत मथुराबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. व्यंकटनं एका हातानं घेतला आणि त्याचा खांदा खाली गेला.

चिमीच्या कमरेची गाठ सोडणारी सुमनची बोटं थांबली.

"आत्याबाई, काय आहे यात?"

"पानी! दुसरं काय असंल?" मथुराबाई कौतुकानं हसल्या. "झाकणं घट्ट लावा म्हन्लीस, तवाच वळखलं म्या. तळ्यावर येऊन मोकळा डबा माघारी न्हेणाऱ्यातली न्हाय माझी सून!"