आईंच्या पसंतीचा ओटा

ओट्यामागच्या भिंतीला लावायच्या टाइलचे दोन नमुने सुनेनं सासूबाईंच्या डोळ्यांसमोर धरले. एका हातात पांढरा, दुसऱ्या हातात तपकिरी.

"बोला आई, कुठला? आवडेल त्याला डोळे घट्ट मिटा."

सासूबाई व्हीलचेअरमध्ये उजवीकडे कलल्या होत्या. सात महिन्यांपूर्वी झटका आला, वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं, डाव्यातही जोर उरला नाही. राहिले ते डोळे. मिटून धरले की हो, उघडे ठेवले की नाही, एवढंच काय ते बोलणं. ज्या जिभेनं सतरा वर्षं आल्यागेल्याला "आमची सून म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा" असं ऐकवलं, ती आता मुकाट पडून होती.

फरशीवाल्यानं सकाळीच भिंतीवरच्या जुन्या टाइल उखडल्या होत्या. स्वयंपाकघरभर धूळ तरंगत होती. हातातला टेप गुंडाळत तो बघत राहिला.

"आजकाल म्हाताऱ्या माणसांना कोण विचारतं हो," तो म्हणाला.

"घर त्यांचंच आहे," सून म्हणाली. "आणि ह्यांनी ऑफिसला जाताना बजावलंय, आईला विचारल्याशिवाय एक टाइल लावायची नाही."

विचारायचं होतंच. ऐकायचं नव्हतं. सासूबाई दाखवतील त्याच्या नेमकं उलट करायचं, हे तिनं केव्हाच ठरवलं होतं. आणि त्या तपकिरीच दाखवणार याबद्दल तिला शंका नव्हती. उभा जन्म त्यांनी तपकिरी भिंतीसमोर काढला होता, हिलाही काढायला लावला होता. पांढरीचं नाव काढलं की एकच उत्तर मिळायचं, "पांढऱ्यावर डाग दिसतात."

तिला पांढरीच हवी होती. आठवडाभर ती फोनवर बहिणीला तेच सांगत होती. सासूबाई तिथेच खुर्चीत असायच्या. पण त्यांच्यासमोर आता आवाज कशाला कमी करायचा?

तिनं तपकिरी नमुना पुढे केला. सासूबाईंचे डोळे टक्क उघडे.

पांढरा पुढे केला. डोळे मिटले. चांगले घट्ट, पापण्यांना सुरकुत्या पडेपर्यंत.

"वा! आजींची नजर आहे हं," फरशीवाला खूश झाला. "उजेड पडेल घरात. पांढरीच लिहू ना?"

"नको." शब्द आधी बाहेर पडला, विचार मागून आला. "पांढऱ्यावर डाग दिसतात. तपकिरी लिहा."

"पण आजींनी तर..."

"त्यांना कुठे कळतंय आता."

बोलून ती खुर्चीकडे वळली. सासूबाईंच्या ओठांचा डावा कोपरा, तेवढाच अजून हलायचा, किंचित वर गेला होता.

सुनेच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. म्हणजे फोनवरचं सगळं पोचलं होतं. आपण उलट करणार हेही ओळखलं होतं. या बाईनं तोंड न उघडता तिच्याच तोंडून तपकिरी भिंत वदवून घेतली होती, आणि त्या भिंतीसमोर पोळ्या लाटत आता उरलेला जन्म काढायचा होता. शब्द फिरवता आला असता. पण त्यासाठी त्या डोळ्यांदेखत म्हणावं लागलं असतं, की पांढरी मलाच हवी होती.

"नक्की ना ताई?" फरशीवाल्यानं विचारलं. "माल उद्याच उचलतो. मग बदल नाही."

"नक्की."

त्यानं वहीत लिहिलं आणि पिशवीतून ग्रॅनाइटचे दोन तुकडे काढले. "आता ओट्याची कड तेवढी राहिली. ही गोल, ही सरळ. सरळ दिसायला झकास, पण तुम्ही गोलच घ्या."

"का?"

त्यानं खुर्ची हळूच ओट्याजवळ सरकवली. "बघा ना. आजींची मान पुढे पडते. हनुवटी बरोबर कडेवर येतेय. कितीही घासली तरी सरळ ती सरळ. दगड तो, लागला की चिरणारच."

सुनेनं दोन्ही तुकडे घेतले. सरळ कडेवरून अंगठा दाबून फिरवला. अंगठ्यावर पांढरी रेघ उठली. मग खुर्ची स्वतःकडे वळवून ती सासूबाईंच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली.

"आई, टाइल माझ्या मनासारखी झाली," ती गोड आवाजात म्हणाली. "कड मात्र तुम्ही म्हणाल तीच. शब्द देते."

गोल तुकडा तिनं मागे ओट्यावर ठेवून दिला. सरळ तुकडा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"ही?"

डोळे उघडेच राहिले.

"ही का आई?"

तिनं तुकडा खाली घेतला नाही. खिडकीतून वारा आला तशी जमिनीवरची धूळ पुन्हा उठली. सासूबाईंचे डोळे कडांनी लाल होत गेले. पापणी थरथरली, पण खाली आली नाही.

"ताई, नाही म्हणतायत त्या," फरशीवाला चुळबुळला. "गोल दाखवा की."

"थांबा हो जरा. त्यांना वेळ लागतो."

ती थांबली. हात अवघडला तेव्हा तिनं दुसऱ्या हाताचा आधार दिला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी साचलं, काठोकाठ आलं, गालांवरून वाहायला लागलं. डोळे तरीही उघडे. फरशीवाल्यानं मान दुसरीकडे वळवली.

मग डोळे मिटले. घट्ट.

सुनेनं रुमाल काढून त्यांचे गाल पुसले, अगदी हळुवार, तान्ह्या बाळाचे पुसावेत तसे.

"आईंनीच निवडली," ती म्हणाली. "लिहा."