जागराची तांबडी

"तू वेळेवर कठडा बसवला असतास, तर आज फिंटन आमच्यात बसला असता," नूला म्हणाली आणि चहाचा कप मॅलकीच्या हातात न देता टेबलावर आपटून निघून गेली.

मॅलकीने मान खाली घातली. बोलली ती त्याची वहिनी, फिंटनची बायको. खोटं काय होतं त्यात? भावाच्या होडीचा मागचा कठडा कुजला होता. 'मी बसवतो' असं मॅलकी सगळ्यांदेखत म्हणाला होता. सुतार होता तो. महिन्यापूर्वी फळी रंधा मारून, खांद्यावर टाकून फिंटनच्या शेडवर गेलाही होता. फिंटन तेव्हा बिअरचा हंडा लावायच्या तयारीत होता. शेडमध्ये धूर कोंडला होता आणि त्याचे डोळे लालबुंद झाले होते.

"राहू दे रे," फळीकडे बघून फिंटन म्हणाला होता. "चांगलं लाकूड कशाला वाया घालवतोस?"

"बरं, मग यातली पहिली बाटली तरी माझी?"

"अधाशी मेला! सगळे जमले की उघडा."

आणि मॅलकी खुशाल फळी घेऊन घरी परतला होता. आळशाला निमित्त पुरतं. मंगळवारी फिंटन समुद्रात शेवंडांचे पिंजरे ओढायला एकटाच गेला. संध्याकाळी होडी तेवढी सापडली. दुसऱ्या दिवशी वाळूत तो सापडला.

आता तो पुढच्या खोलीत शवपेटीत होता. अंगात लग्नातला सूट, बोटांत जपमाळ. सकाळपासून गाव सँडविचची ताटं घेऊन येत होतं, "वाईट झालं हो" म्हणत हात दाबत होतं आणि मॅलकीपाशी आलं की गप्प होत होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

शेजारचा म्हातारा पॅकी तेवढा त्याच्याजवळ येऊन बसला. "मनाला लावून घेऊ नकोस, पोरा. समुद्र काय कठडा बघून माणूस नेतो?"

"कठडा नव्हता म्हणूनच नेला, पॅकी. मी मारलं त्याला."

"गप रे! आई ऐकेल."

आई, म्हणजे डीलिया, शवपेटीच्या उशाशी बसली होती. डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिने एकच धोशा लावला होता. "माझं पोर कोरडंच चाललं. याच्या नशिबी जागराची तांबडी नाही."

तांबडी म्हणजे या घरची बिअर. मोड आणून भाजलेल्या सातूची, तांबूस, गोडसर. बारशाला तांबडी, नाताळला तांबडी. फिंटनचा हात तिला असा बसला होता की दुकानातली बाटली दिसली की पॅकी नाक मुरडायचा. पण मयताच्या उशाशी रात्र जागवतात, त्या जागराला जी लागते ती वेगळी. तिच्यात मूठभर सातू मुद्दाम काळा होईस्तोवर करपवून घालतात. गोडाच्या मागून कडू आलं पाहिजे, असं डीलियाची सासू म्हणायची. एरवी ती कुणी करत नाही, अपशकुन मानतात. आणि मुरायला तिला चांगला महिना लागतो, म्हणून घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की मगच हंडा चढतो. आजोबांनी तर खाटेवरून वास ओळखला होता. "मेल्यांनो, एवढी घाई?" असं ओरडले आणि हट्टाने ईस्टरपर्यंत जगले. ती सगळी ओतून देऊन दुसरी लावावी लागली होती.

पण असा अवचित गेलेल्याची तांबडी कोण लावून ठेवणार?

"साधी तरी आण रे," डीलिया शेवटी म्हणाली. "शेडमध्ये असेल त्याने केलेली. त्याच्या हातची तेवढीच उरली."

मॅलकीला सुटल्यासारखं झालं. तो मागच्या दाराने शेडमध्ये गेला. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. आज हंडे धुऊन पालथे घातलेले होते, नळ्या खुंटीला, जमीन झाडलेली. बाकाखाली गोणपाटाने झाकलेली एक पेटी होती, बाटल्यांनी गच्च भरलेली. पुढच्या आठवड्यात आईचा सत्तरावा वाढदिवस होता. त्यासाठीच ठेवली असणार बिचाऱ्याने.

"जमलो की रे सगळे," मॅलकी पेटीला म्हणाला आणि तिथेच उकिडवा बसून हमसून हमसून रडला.

मग डोळे पुसून त्याने पेटी उचलून आत नेली. रीतीप्रमाणे पहिला पेला आईचा. फेस नीट बसला होता, आणि खिडकीच्या उजेडात रंग नेहमीपेक्षा गडद दिसत होता. मग त्याने नूलाला दिला, पॅकीला दिला. स्वतःसाठी ओतून घ्यायचा त्याला धीर झाला नाही.

"फिंटनसाठी," पॅकी म्हणाला. सगळ्यांनी पेले उचलले.

डीलियाने घोट घेतला आणि तसाच तोंडात धरून ठेवला. पॅकीने पेला हळूच खाली ठेवला. नूला आपल्या पेल्यात बघत राहिली.

"मॅलकी," आई म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत होती. "ही कधी लावलेली?"

"महिना झाला, आई. मी होतो ना तिथे. का? बिघडलीय?"

"नाही. छान मुरलीय." तिने पेला दोन्ही हातांत घट्ट धरला. "कडू अगदी बेताचं उतरलंय. पण महिन्यापूर्वी आपल्या घरात कोण मरायला टेकलं होतं रे?"