नाकात पाणी असताना

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवसापासून न्हाव्याने नेतीचं भांडं हातात धरलं नव्हतं. आज नाक अगदीच चोंदलं, म्हणून कोमट पाण्यात मीठ घालून तो बेसिनवर वाकला.

एरवी त्याची जीभ कात्रीच्या वरताण चालायची. एका नाकपुडीतलं पाणी दुसरीतून वाहून जाईपर्यंतच काय तो गप्प, आणि तेवढ्यात बायको बोलून हात धुऊन घ्यायची. दवाखान्यात निघाली त्या सकाळीही म्हणाली, "आता कसे सापडलात! सांगा बघू, माझ्यावाचून पान तरी हलतं का तुमचं?" त्याने नुसता हात हलवला, मग जोरात शिंकला, आणि ती हसत गाडीत जाऊन बसली.

 

आज भांडं रिकामं झालं, नाकही मोकळं झालं. "नाही हलत" एवढं सांगायचं मात्र राहिलं.